स्पर्धा परीक्षेच्या वाटेवर नव्याने निघालात? आधी एक वही घ्या

पदवीचे निकाल लागले की पुण्यात स्वारगेटला एसटीतून उतरणाऱ्या मुलामुलींची गर्दी वाढते. पाठीला सॅक, काखेत वळकटी, मोबाइलमध्ये सदाशिव पेठेतल्या नाहीतर नवी पेठेतल्या कुणा गाववाल्याचा पत्ता. "काय ठरवलंय?" असं विचारलं की उत्तर एका दमात येतं, "राज्यसेवा. उपजिल्हाधिकारी." "बरं, आणि येत्या रविवारपर्यंत काय?" इथे मात्र गप्प.

मीही असाच उतरलो होतो, २०१८ साली, माण तालुक्यातल्या एका गावातून. चार वर्षं तयारी केली. राज्यसेवा, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) अधिकारी पदांची परीक्षा, झाली नाही. आज साताऱ्यात एका कर सल्लागारांकडे काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या अभ्यासिकेत नव्या मुलांबरोबर बसतो. पहिल्या दिवशी त्यांना पुस्तकांची यादी देत नाही. शंभर पानी वही आणायला सांगतो. त्या वहीत काय लिहायचं, कोणत्या क्रमाने लिहायचं, ते इथे सांगतो. तुमची परीक्षा राज्यसेवा असो, गट-ब, गट-क असो की सरळसेवा (खात्याची थेट भरती), क्रम हाच ठेवा.

आधी हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करा

वहीच्या पहिल्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तुमच्या हातात जे आहे ते, उजवीकडे जे नाही ते.

उजवी बाजू लिहिताना हात आखडू नका. जागा किती निघतील, कटऑफ किती लागेल, जाहिरात कधी येईल, कोर्टात कोणतं प्रकरण अडकेल, हे सगळं तिथलं. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा, म्हणजे पहिला टप्पा, पुढे ढकलत ढकलत अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. त्याआधीची तारीख १४ मार्च होती, आणि तीही अवघे तीन दिवस उरले असताना पुढे गेली. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. मी तेव्हा गावात होतो, पण पुण्याला निघायची बॅग भरून झाली होती. पुढे २०२४ ला पुन्हा तेच. २८ एप्रिलची पूर्व परीक्षा लांबत लांबत २५ ऑगस्टवर आली, त्याच दिवशी बँकेची परीक्षा आली म्हणून आंदोलन झालं, आणि शेवटी पेपर झाला १ डिसेंबरला.

ज्याने "एप्रिलमध्ये पूर्व काढायची" एवढंच ध्येय धरलं होतं, त्याचं ध्येय दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी पुसलं. ज्याने "मार्चअखेर राज्यघटना आणि भूगोल दोनदा पूर्ण, जुन्या दहा प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवलेल्या" असं लिहिलं होतं, त्याचं काहीच पुसलं गेलं नाही. तारीख पुढे गेली, तरी केलेलं काम त्याच्याजवळ राहिलं.

म्हणून नियम असा : ध्येय म्हणून जे लिहाल ते डाव्या बाजूचंच. "निवड होणे" ही इच्छा आहे. ती जरूर असावी, तिच्याशिवाय कुणी घर सोडत नाही. पण रोज सकाळी उठून करायला तिच्यात काहीच नसतं.

मग वही उलटी करा आणि शेवटच्या पानापासून सुरू करा

शेवटच्या पानावर पाच वर्षांनंतरचं लिहायचं. बहुतेक जण इथे पदाचं नाव लिहून मोकळे होतात. तसं करू नका. "मला हे पद कशासाठी हवंय?" हा प्रश्न लिहा आणि खाली निदान दहा ओळी भरा. सगळ्या ओळी उदात्त असायची गरज नाही. घराला पक्कं छप्पर, बहिणीचं शिक्षण, गावात मान, पेन्शनीची शाश्वती, जे खरं असेल ते लिहा. दुसरं कुणी ते वाचणार नाहीये.

दहा ओळी झाल्या की प्रत्येक ओळीपुढे विचारा : हे फक्त याच पदानं होईल का? माझ्या वहीत एक ओळ होती, "गावात पाण्याचं काम करायचं." दुष्काळी माणमध्ये वाढलेल्या माणसाच्या वहीत ही ओळ यायचीच. ती प्रांताधिकारी होऊन करता येते, तशी गावात राहूनही करता येते. हिवरे बाजार या गावातलं पाण्याचं काम पोपटराव पवारांनी सरपंच म्हणून उभं केलं, स्पर्धा परीक्षेतून मिळणाऱ्या पदाशिवाय. "हातात आदेश काढायचा अधिकार हवा" ही ओळ मात्र पदाशिवाय पुरी होत नाही. दहापैकी किती ओळींना पद लागतंच आणि किती ओळी दुसऱ्या वाटेनेही होतात, हे मोजा. माझ्या दहापैकी सात दुसऱ्या वाटेने होणाऱ्या होत्या. हे मला पहिल्या वर्षी कळलं असतं तर चौथ्या वर्षी इतकं कोसळलो नसतो.

वयाचं आणि पैशाचं गणित एकाच बैठकीत

हे पान कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे टाळतात. एका संध्याकाळचं काम आहे, करून टाका.

वय : आयोगाच्या बहुतेक पदांना खुल्या गटासाठी कमाल ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं ही मर्यादा आहे. हा आकडा ऐकून पोरं निर्धास्त होतात, आणि फसतात ती इथेच. पोलीस उपनिरीक्षकाला खुल्या गटासाठी ३१ आणि मागासवर्गीयांसाठी ३४ आहे, शिवाय उंचीची अट वेगळी, पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५७. केंद्राच्या नागरी सेवेत खुल्या गटाला ३२ वर्षं आणि एकूण सहाच प्रयत्न. तुम्हाला हव्या असलेल्या प्रत्येक पदापुढे तुमचं त्या मर्यादेचं साल लिहा. "अजून खूप वेळ आहे" असं लिहायचं नाही, साल लिहायचं. आणि दर वेळी ताजी जाहिरात उघडून ताडून पाहायचं, अटी बदलत असतात.

पैसा : माझा २०१९ सालचा महिना असा होता. कॉट (सामायिक खोलीतली झोपायची जागा) २,५००, मेस २,६००, अभ्यासिका ९००, चहा-नाश्ता १,२००, पुस्तकं आणि झेरॉक्स ८००, मोबाइल २५०, गावी येण्या-जाण्याला ४००. झाले ८,६५०. वर्षाचे १,०३,८००. क्लासची फी यात नाही. हा आकडा मी पहिल्यांदा एका ओळीत लिहिला तेव्हा बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो होतो. आमच्याकडे तीन एकर कोरडवाहू, ज्वारी-बाजरी. आजचे दर वेगळे आहेत, तुमचे तुम्ही लिहा. घरून किती येणार, स्वतः किती कमावणार, आणि हा खर्च किती महिने पेलणार, हे तिन्ही आकडे एकाखाली एक हवेत.

थांबायची तारीख

आता सगळ्यात अवघड ओळ. मी कुठे थांबणार?

ही ओळ डोकं शांत असताना, म्हणजे सुरुवातीलाच लिहायची. निकालाच्या दिवशी माणूस एकतर रागात असतो नाहीतर आशेत, आणि दोन्ही वेळी तो चुकीची तारीख लिहितो. "यंदा फक्त तीन मार्कांनी गेलं" या एका वाक्यावर मी माझ्या डोळ्यांदेखत माणसांची दोन-दोन वर्षं गेलेली पाहिली आहेत.

तारीख लिहिताना ती परीक्षेला बांधू नका. परीक्षा सरकते, हे आपण पाहिलंच. "तीन प्रयत्न किंवा अमुक सालचा ३० जून, जे आधी होईल ते" असं लिहा. आणि घरातल्या एका माणसाला ती दाखवा.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, दर महिन्याला फोनवर एकच विचारायचे, "कवा लागंल रं?" मला ते टोमण्यासारखं लागायचं. एकदा दिवाळीत घरी आलो असताना चिडून म्हणालो, "आण्णा, सारखं काय विचारता?" ते गोठ्यात वैरण टाकत होते. मागे न बघता म्हणाले, "तू काय सांगत न्हाईस म्हून इचारतो. सांगितलं आस्तंस तर कशाला इचारलं आस्तं?"

त्या रात्री वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. तारीख लिहिली : ३१ डिसेंबर २०२१. खाली त्यांना सही करायला लावली. ते सही करताना पेन फार दाबतात, मागच्या चार पानांवर ठसा उमटला. त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही. कोविडमध्ये वर्ष वाया गेल्यावर मी सहा महिने वाढवून मागितले, तेव्हा म्हणाले, "वहीत लिव्ह मग." तारीख बदलता येते. पण एकदाच, आणि ज्याला दाखवली होती त्याच्यासमोर बसून.

वर्षाचं ध्येय आठवड्यात उतरवणं

इथे पुढचं सगळं प्रत्यक्षात येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"पॉलिटी (राज्यघटना) करायचं आहे" हे ध्येय होत नाही. ते संपलं की नाही हे कधीच कळत नाही, म्हणून ते कायम डोक्यावर बसून राहतं. असं लिहा : "या आठवड्यात मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५. दोनदा वाचन. आयोगाने याआधी विचारलेले ४० प्रश्न सोडवायचे, किमान २८ बरोबर." शनिवारी रात्री याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. २३ बरोबर आले तर पुढच्या आठवड्यात हाच भाग पुन्हा येतो. तेवढंच, त्यात खंत करत बसण्यासारखं काही नाही.

आकडे हवेतून घेऊ नका, परीक्षेतून घ्या. राज्यसेवा पूर्वचा दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, तो आता फक्त पात्रतेचा आहे. ८० प्रश्न, २०० गुण, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. एक प्रश्न अडीच गुणांचा, आणि चुकीला त्या गुणांच्या पाव वजाबाकी. म्हणजे एकही चूक न करता २७ बरोबर आले तरी निभतं. दहा चुकले तर २९ बरोबर लागतात. ज्याला उताऱ्यांचे आणि बुद्धिमत्तेचे ४५ प्रश्न सहज येतात त्याने या पेपरवर रोज दोन तास घालवण्यात अर्थ नाही. ज्याचे २० च येतात त्याने याकडे दुर्लक्ष केलं तर पहिल्या पेपरचे कितीही गुण कामी येणार नाहीत. दोघंही एकाच अभ्यासिकेत शेजारी बसतात आणि दोघंही एकाच कुणाचं तरी वेळापत्रक भिंतीवर चिकटवतात. तसं करू नका. पहिल्याच आठवड्यात एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवा आणि आपला आकडा काढा.

पूर्वनंतरची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यातले दोन भाषांचे पात्रतेपुरते, उरलेल्या सातांचे १,७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. म्हणजे आता लिहिता आलं पाहिजे. ज्यांनी कॉलेजनंतर सलग पानभर मराठी लिहिलेलं नाही, त्यांनी रोज एक उत्तर, दीडशे शब्द, हाताने, घड्याळ लावून, हे ध्येय पहिल्या महिन्यापासून ठेवावं. सुरुवातीला मनगट दुखतं आणि वाक्यं अर्धवट तुटतात. तीनेक आठवड्यांनी हात सुटतो.

चुकांसाठी वहीत वेगळं पान ठेवा, त्यावर तीन रकाने : माहीत नव्हतं, माहीत होतं पण गोंधळ झाला, प्रश्नच नीट वाचला नाही. माझा तिसरा रकाना सगळ्यात लांब निघाला. "खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे" यातला "अ" मी खाऊन टाकायचो. त्यावर जास्त वाचन हा उपाय नव्हताच. प्रश्नातल्या "अयोग्य", "नाही", "वगळता" या शब्दांखाली पेनाने रेघ मारायची, एवढाच उपाय होता. तो आठवड्याचं ध्येय म्हणून तीन आठवडे लिहिला, आणि दर पेपरला पाच-सहा प्रश्न चुकायचे वाचले.

तास मोजा, पण खरे

अभ्यासिकेत "बारा तास करतो" असं सगळेच सांगतात. एकदा मी तीन दिवस घड्याळ घेऊन स्वतःला मोजलं. पान उलटत असेन तेव्हाच घड्याळ सुरू, मोबाइल हातात घेतला, चहाला उठलो, शेजाऱ्याशी बोललो की बंद. सकाळी आठ ते रात्री आठ खुर्ची अडवून होतो. खरा अभ्यास निघाला ५ तास ४० मिनिटं. चहाच पाच वेळा झाला होता, आणि एक चहा म्हणजे टपरीवरची पाऊण तासाची चर्चा, त्यातही जागा किती निघणार हाच विषय.

तुम्हीही तीन दिवस मोजा. जो आकडा निघेल तो लपवू नका. त्यात अर्धा तास वाढवणं हे पुढच्या पंधरवड्याचं ध्येय. एकदम दहा तास लिहिलेत तर चौथ्या दिवशी वही बंद होते. मी चार नव्या वह्या अशाच सुरू करून टाकून दिल्या आहेत.

दुसरी वाट आजच सुरू करा

प्लॅन बी म्हणजे मनातून हरलेल्याचं लक्षण, असं पेठेत सर्रास ऐकाल. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या पायाखाली दुसरी फळी आहे तो परीक्षा हॉलमध्ये निर्धास्त बसतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पण "नाही झालं तर बघू काहीतरी" याला दुसरी वाट म्हणत नाहीत. तिला आठवड्यातले ठरलेले तास द्यावे लागतात. सहा पुरतात. जिचा उपयोग दोन्हीकडे होतो अशी वाट निवडा. मी सकाळी सात ते आठ टायपिंगला जायचो. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र लागतं, कर सहायकाला दोन्ही, म्हणून सुरू केलं. मी बी.कॉम., तेव्हा त्याला जोडून हिशेबाचं आणि जीएसटीच्या विवरणपत्रांचं काम शिकलो. पद मिळालं नाही, पण ती बोटं आणि तो हिशेब आज घर चालवतात. कुणाला बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा जमेल, कुणाला बँकेची परीक्षा, कुणाला वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. मुलींना मी हे आणखी आग्रहाने सांगतो, कारण त्यांची थांबायची तारीख पुष्कळदा घरचेच परस्पर ठरवून टाकतात. हातात कमाई असली तर ती तारीख त्यांची राहते.

परीक्षेबाहेरच्या दोन ओळी

दर आठवड्याच्या पानावर अभ्यासाखेरीज दोनच ओळी : एक शरीराची, एक माणसांची.

शरीराची ओळ छोटी ठेवा. मी आठवड्यातून चार वेळा पर्वती चढायचो, १०३ पायऱ्या. माणसांची ओळ म्हणजे "बुधवारी आईला फोन, अभ्यासाबद्दल एक शब्द न काढता." गावातली लग्नं, बारशी, मयती सगळं चुकवत राहिलात तर दोन वर्षांनी फोन करायला अभ्यासिकेबाहेरचं माणूस उरत नाही. आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर ते वहीत लिहून भागत नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

रविवारचा पाऊण तास

दर रविवारी वही उघडून तीनच गोष्टी करायच्या. झालेल्या ओळीवर बरोबरची खूण. न झालेल्या ओळीपुढे कारण, एका वाक्यात. पुढच्या आठवड्याचं पान. न झालेली ओळ सलग तीन आठवडे पुढे जात राहिली तर एकतर ती अर्धी करा किंवा खोडून टाका, ती तुमच्या खऱ्या आयुष्यात बसत नाहीये.

एक पथ्य मात्र कडक पाळा. सराव परीक्षेत कमी गुण पडलेल्या आठवड्यात किंवा निकालानंतरच्या सात दिवसांत मोठं ध्येय बदलायचं नाही. विषय बदलणं, क्लास बदलणं, परीक्षा सोडणं, काहीही नाही. आठव्या दिवशी वही घेऊन बसा.

माझी तारीख ३० जून २०२२ ला संपली. त्या संध्याकाळी कॉट सोडली, अभ्यासिकेची किल्ली परत दिली, पुस्तकं खालच्या खोलीतल्या बीडच्या मुलाला दिली. रात्रीच्या गाडीने दहिवडीला उतरलो. वाईट वाटलं नाही असं नाही. पण घरी कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांना तारीख माहीत होती. पुढच्या रविवारी नवी वही घेतली. पहिल्या पानावर मधोमध रेघ मारली आणि डाव्या बाजूला पहिली ओळ लिहिली : "आण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दिवाळीच्या आत."